जर्मनमधले एकरूप पण भिन्नार्थी शब्द : आर्टिकल पाठ केले की भागते का?

शब्दसखी

नमस्कार. मी पुण्यात जर्मन शिकवते. बी-वन, म्हणजे मध्यम पातळीच्या वर्गासाठी सध्या एका तासिकेची तयारी चालू आहे. विषय आहे रूपाने अगदी सारखे, पण अर्थाने एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले जर्मन शब्द. विद्यार्थी अशा शब्दांपाशी हमखास अडखळतात, कारण कोशात पहिला जो अर्थ दिसेल तोच ते वाक्यात बसवू पाहतात आणि मग वाक्य काही केल्या लागत नाही.

जर्मन नामाआधी त्याचे लिंग दाखवणारे आर्टिकल येते : पुल्लिंगी 'डेअर', स्त्रीलिंगी 'डी', नपुंसकलिंगी 'डास'. माझे मत असे आहे, की प्रत्येक नाम आर्टिकलसकट आणि अनेकवचनासकट पाठ केले, तर हा गोंधळ मुळातच टळतो. 'डेअर लायटर' म्हणजे प्रमुख, 'डी लायटर' म्हणजे शिडी. 'डेअर कीफर' म्हणजे जबडा, 'डी कीफर' म्हणजे पाइनचे झाड. 'डास टोर' म्हणजे वेशीचा दरवाजा किंवा फुटबॉलमधला गोल, आणि 'डेअर टोर' म्हणजे मूर्ख मनुष्य. 'डेअर टाउ' म्हणजे दव, 'डास टाउ' म्हणजे जाड दोरखंड. मराठी मुलांना हे चटकन उमगते, कारण 'ते नाव' आणि 'ती नाव', 'तो पाठ' आणि 'ती पाठ' हे भेद ती लहानपणापासून न चुकता करीत आलेली असतात आणि जर्मनप्रमाणेच आपल्याकडेही तीन लिंगे आहेत.

आपल्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आर्टिकलवर एवढा भरवसा ठेवावा का? आणि ज्यांचे अर्थ खरोखरच असंबद्ध आहेत, असे आणखी कोणते शब्द वर्गात घ्यावेत?

नेकारकाठ

शब्दसखीताई, विषय फार चांगला निवडलात. मी श्टुटगार्टजवळ अभियंता म्हणून काम करतो. आमच्याकडे 'लायटर'चा तिसरा वापर रोज कानांवर पडतो, तो म्हणजे विद्युतवाहक. अर्धवाहकाला 'हाल्बलायटर' म्हणतात. प्रमुख आणि वाहक हे दोन्ही अर्थ 'लायटेन', म्हणजे नेणे किंवा वाट दाखवणे, या क्रियापदातून आले आहेत आणि म्हणून दोन्हीही 'डेअर' घेतात. शिडी मात्र परक्या घरची. तिचे नाते 'लेनेन', म्हणजे टेकवणे, या क्रियापदाशी आहे. भिंतीला टेकवून ठेवतात ती शिडी.

संगीतातल्या स्वरसप्तकाला 'टोनलायटर' म्हणतात. 'टोन' म्हणजे स्वर आणि 'टोन' म्हणजे कुंभाराची माती. 'लायटर'चे अर्थ तर आपण पाहिलेच. म्हणजे दोन दुहेरी शब्द जोडून एक समास झाला आहे आणि तरीही कोणत्याही जर्मन माणसाला त्यातून मातीखात्याचा प्रमुख दिसत नाही. त्याला स्वरांची शिडीच दिसते.

झाडपाला

'वाइडे' हा शब्द विसरू नका. एक वाइडे म्हणजे गुरांचे कुरण, दुसरी वाइडे म्हणजे विलोचे झाड. दोन्हींना 'डी', दोन्हींचे अनेकवचन 'वाइडेन'. येथे आर्टिकल काय करणार?

शब्दसखी

झाडपाला, हा शब्द माझ्या यादीत आहे आणि त्याच्यापाशीच माझे घोडे अडले आहे. मुले विचारतील, की मग ओळखायचे कशावरून, तर त्याला माझ्याकडे 'संदर्भावरून' एवढेच उत्तर आहे आणि तेवढ्याने माझे समाधान होत नाही.

जुनेपान

मी अनेक वर्षे जर्मनमधून मराठीत भाषांतर करीत आहे. ताईंच्या मताला माझी हरकत 'वाइडे'पेक्षाही अलीकडची आहे. जर्मन आर्टिकल विभक्तीप्रमाणे बदलते, हे आपण क्षणभर बाजूला ठेवले आहे. 'डेअर लायटर' हे प्रथमेत प्रमुख, हे खरे. पण 'आउफ डेअर लायटर' असे आले, की तो प्रमुखाच्या अंगावर चढलेला माणूस नसतो, तो शिडीवर उभा असतो, कारण स्त्रीलिंगी 'डी'चे चतुर्थी आणि षष्ठीत 'डेअर' होते. तसेच 'उंटर डेअर कीफर' म्हणजे पाइनच्या झाडाखाली. ज्या विद्यार्थ्याने 'डेअर म्हणजे जबडा' असे घोकले आहे, तो येथे नेमका फसेल, आणि न घोकलेल्यापेक्षा जास्त फसेल.

याहून नाजूक उदाहरण 'टोर'चे आहे. मूर्ख या अर्थाचा 'टोर' प्रथमेचे एकवचन सोडले तर सर्वत्र 'टोरेन' होतो. त्यामुळे 'डेन टोरेन' म्हणजे 'मूर्खाला' किंवा 'मूर्खांना'. पण दरवाजा या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन 'टोरे' आणि त्याची चतुर्थी पुन्हा 'डेन टोरेन'. वर्तमानपत्रात 'फोर डेन टोरेन डेअर श्टाट' हा प्रयोग नेहमी येतो. त्याचा अर्थ शहराच्या वेशीबाहेर, म्हणजे शहराला अगदी लागून. आर्टिकल, वचन, विभक्ती, सारे हाताशी असूनही केवळ व्याकरणाच्या बळावर हे वाक्य 'शहरातल्या मूर्खांसमोर' असेही लावता येते. तसे ते कोणी लावत नाही, याचे कारण हा प्रयोग रूढ आहे, एवढेच.

म्हणून मुलांना आर्टिकल जरूर पाठ करू द्या, परंतु ते शब्दाच्या मूळ रूपाचे ओळखपत्र आहे आणि वाक्यात शिरल्यावर ते वेष बदलते, हे त्याच तासाला सांगा.

फलाट_क्रमांक_दोन

'बांक' अजून कोणी कसा सांगितला नाही? बसायचा बाक आणि पैशांची बँक. आमच्या वर्गात सर्वांत पहिले उदाहरण हेच दिले होते. अनेकवचनाने भेद कळतो : बाकांना 'बेंके', बँकांना 'बांकेन'.

जुनेपान

फलाट_क्रमांक_दोन, उदाहरण उपयोगी आहे, पण ताईंनी 'असंबद्ध अर्थ' असे म्हटले आहे आणि त्या कसोटीला 'बांक' उतरत नाही. सराफ ज्या बाकावर किंवा मेजावर नाणी मांडून बसत, त्याला इटालियनमध्ये 'बांको' म्हणत. तो शब्द इटालियनने जुन्या जर्मानिक, म्हणजे जर्मनच्या कुळातल्या, बोलींतूनच घेतला होता. पुढे सावकारी पेढीचा अर्थ घेऊन तो आल्प्स ओलांडून परत जर्मनमध्ये आला. एकच मूल घरी राहिले आणि परदेशी जाऊन आले, असे हे दोन शब्द आहेत. अनेकवचने वेगळी असल्यामुळे कोशकार त्यांना दोन स्वतंत्र नोंदी देतात, हेही खरे.

'श्लोस'चेही असेच. किल्ला किंवा राजवाडा आणि कुलूप, दोन्हींचा उगम 'श्लीसेन', म्हणजे बंद करणे, यात आहे. येथे तर आर्टिकलही एक आणि अनेकवचनही एकच, 'श्लॉसर'. 'श्टॉयर' घ्या : 'डी श्टॉयर' म्हणजे कर आणि 'डास श्टॉयर' म्हणजे सुकाणू. आज दोन्हींचा काही संबंध दिसत नाही, पण मुळाशी आधार देणे ही एकच कल्पना आहे.

उलट 'श्ट्राउस' पाहा. पुष्पगुच्छ आणि शहामृग, दोन्ही पुल्लिंगी. शहामृगाचे नाव ग्रीकमधून लॅटिनमार्गे आले आणि गुच्छाचा शब्द जर्मानिक आहे. दोघांची गाठ योगायोगाने पडली. अनेकवचनात ती सुटते : गुच्छांना 'श्ट्रॉयसे' आणि शहामृगांना 'श्ट्राउसे'. ताईंना हवे आहेत ते असे शब्द.

नेकारकाठ

जुनेपान सर, आपली माहिती वाचून आनंद झाला, पण एक शंका आहे. बी-वनच्या विद्यार्थ्याने शब्दांची वंशावळ कशासाठी पाहावी? त्याला घरी करखात्याचे पत्र येते, त्यात 'श्टॉयरनुमर' असते आणि तो करदात्याचा क्रमांक आहे, हे त्याला समजले पाहिजे. सुकाणूशी त्याचे नाते आहे की नाही, याने त्याचे काहीच अडत नाही. वापरणाऱ्याच्या मनात जे अर्थ तुटलेले आहेत, ते तुटलेलेच मानावेत.

जुनेपान

शंका रास्त आहे आणि भाषाशास्त्रातही हा वाद जुनाच आहे. बोलणाऱ्याच्या जाणिवेवरून ठरवायचे की व्युत्पत्तीवरून, यावर एकमत नाही. माझा अनुभव एवढाच सांगतो, की जेथे नाते खरे आहे तेथे ते सांगितल्याने शब्द लक्षात राहतो. 'श्लीसेन' माहीत असेल, तर 'श्लोस'चे दोन्ही अर्थ एका खुंटीला टांगता येतात. मात्र जेथे नाते नाही, तेथे शिक्षकाने ओढूनताणून गोष्ट रचू नये, कारण ती गोष्ट शब्दापेक्षा जास्त टिकते.

बाझलवासी

'वाइडे'बद्दल थोडे सविस्तर लिहितो. मी स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये राहतो आणि या शब्दाचे उत्तर मला येथे कानांनी मिळाले.

मध्ययुगीन जर्मनमध्ये हे दोन शब्द एकसारखे नव्हते. झाडाचे नाव दीर्घ ईकाराने 'वीडे' असे होते आणि कुरणाचा शब्द संयुक्त स्वराने उच्चारला जाई. पुढे प्रमाण जर्मनमध्ये जुना दीर्घ 'ई' फुटून 'आइ' झाला. 'त्सीट'चे 'त्साइट' झाले, म्हणजे काळ. 'वीन'चे 'वाइन' झाले, म्हणजे मद्य. त्याच लाटेत 'वीडे'चे 'वाइडे' झाले आणि ते कुरणावर जाऊन आदळले. स्वित्झर्लंडमधल्या बोलींत ही लाट पोहोचली नाही. येथे अजूनही काळाला 'त्सीट' म्हणतात, आणि विलोचे झाड व कुरण यांचे स्वर वेगळेच ऐकू येतात. म्हणजे ज्याला आपण प्रमाण भाषेतला गोंधळ म्हणतो, तो बोलीत झालेलाच नाही.

'राइफ'ची कथाही याच घराण्यातली आहे. 'राइफ' म्हणजे पिकलेला, 'राइफ' म्हणजे गवतावर पडणारे गोठलेले दव, आणि 'राइफ' म्हणजे कडे. हातातल्या कड्याला 'आर्मराइफ' म्हणतात. पहिल्या दोन शब्दांत पूर्वी दीर्घ 'ई' होता, तिसऱ्यात नव्हता. तिघांचे आपसांत नाते नाही.

शब्दसखी

बाझलवासी, हे अप्रतिम आहे. दोन शब्द एकमेकांवर कसे आदळतात, हे दाखवायला याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. मग मला असे वाटते, की लिखाणातही कधीतरी असे घडले असेल का? उच्चार आधीपासून एक, पण लिहिण्याने भेद राखलेला?

पुस्तककिडा

ताई, असे घडले आहे आणि त्याचे सालही सांगता येते. 1901 साली बर्लिनमध्ये शुद्धलेखन परिषद भरली. तिच्या निर्णयानुसार अस्सल जर्मन शब्दांतील 'टी'नंतरचा मूक 'एच' काढून टाकण्यात आला. 'थिएटर'सारख्या परक्या मुळाच्या शब्दांत तो राहिला. त्यापूर्वी कुंभाराची माती 'एच' घालून लिहीत आणि स्वर 'एच'शिवाय. तसेच दव 'एच' घालून आणि दोरखंड 'एच'शिवाय. उच्चारात फरक नव्हताच, पण वाचणाऱ्याला भेद दिसत असे. ग्रंथालयात एकोणिसाव्या शतकातले जर्मन पुस्तक हाती आले, तर माती आणि स्वर, दव आणि दोर अजून वेगळे दिसतात. परिषदेने लेखन सोपे केले, त्यात या दोन जोड्या मात्र एकरूप झाल्या.

काही जोड्यांत लेखनाने आजही भेद राखला आहे. 'झाइटे' म्हणजे बाजू किंवा पान आणि 'झाइटे' म्हणजे वाद्याची तार. उच्चार एकच, पण तारेच्या शब्दात रोमन 'ई' (e) ऐवजी 'ए' (a) हे अक्षर लिहितात. 'लेर्शे' म्हणजे चंडोल पक्षी आणि 'लेर्शे' म्हणजे लार्च वृक्ष. वृक्षाच्या 'ए'वर दोन टिंबे येतात. श्रुतलेखनाच्या तासाला हे शब्द अवश्य घ्या.

फलाट_क्रमांक_दोन

आतापर्यंत सगळे नामांबद्दलच बोलत आहेत. क्रियापदांना तर आर्टिकलही नसते. 'कोस्टेन' म्हणजे किंमत पडणे आणि 'कोस्टेन' म्हणजे चाखून पाहणे. बाजारात चीज विकणारी बाई 'कोस्टेन झी माल!' म्हणाली, तर ती पैसे मागत नसते, तुकडा पुढे करीत असते. हे दोन शब्द मुळात वेगळे आहेत ना, जुनेपान सर?

जुनेपान

होय, अगदी वेगळे. किमतीचा 'कोस्टेन' लॅटिनमधून रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषांच्या वाटेने आला. चाखण्याचा 'कोस्टेन' अस्सल जर्मानिक आहे. रूपेही सर्व काळांत सारखीच चालतात. ताई, आपल्या यादीत हा शब्द पहिल्या पाचांत असावा, कारण विद्यार्थ्याला तो खरोखर ऐकू येणार आहे, शहामृग ऐकू येईलच असे नाही.

क्रियापदांचा विषय निघालाच आहे, तर आघाताबद्दलही लिहितो. 'उमफारेन' या क्रियापदात आघात 'उम'वर दिला, तर अर्थ होतो गाडीने धडक देऊन आडवे पाडणे. आघात 'फा'वर दिला, तर अर्थ होतो वळसा घालून जाणे. झाडाबद्दल बोलताना एकाच लिखित शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी विरुद्ध होतात. भूतकाळात भेद उघड दिसतो : पाडले असेल तर 'उमगेफारेन', वळसा घातला असेल तर नुसते 'उमफारेन'. हे दोन्ही अर्थ एकाच घटकांतून झाले आहेत, तेव्हा ताईंच्या कसोटीत ते काटेकोरपणे बसत नाहीत, पण वाहन चालवण्याचा परवाना घेणाऱ्याने आघात नीट शिकावा.

अंगणवाडी

माझी मुले न्यूर्नबर्गमध्ये शाळेत जातात. या धाग्यावर 'टेकेसेलशेन' या खेळाचा उल्लेख व्हायलाच हवा. नावाचा अर्थ चहाची छोटी किटली. दोन मुले मिळून दोन अर्थांचा एक शब्द मनात धरतात. मग आळीपाळीने एकेक अर्थाबद्दल सांगतात, पण शब्दाच्या जागी 'माझी किटली' असे म्हणतात. बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. लहान मुले आपल्या भाषेतले हे दुहेरी शब्द किती आनंदाने शोधत असतात, ते या खेळात दिसते, आणि त्यांना वंशावळीचे काहीच पडलेले नसते. 'बिर्ने' म्हणजे नाशपाती आणि विजेचा दिवा, 'हान' म्हणजे कोंबडा आणि नळ, सगळे त्यांना सारखेच प्रिय.

येथे एक कोडे घालते. माझी किटली रात्री छपरावरून फिरते. माझी दुसरी किटली सकाळी डोके धरून बसवते. ओळखा.

नेकारकाठ

'काटर'! बोका, आणि आदल्या रात्रीच्या मद्यपानाचा त्रास. व्यायामानंतर अंग आंबते, त्यालाही 'मुस्केलकाटर' म्हणतात.

अंगणवाडी

बरोबर. आता तुमची पाळी.

नेकारकाठ

माझी किटली नांगर धरते आणि बुद्धिबळाच्या पटावर सर्वांत पुढे उभी राहते. माझी दुसरी किटली स्वतः गात नाही, पण गाणाऱ्याला आत ठेवते.

पुस्तककिडा

'बाउअर'. शेतकरी, बुद्धिबळातले प्यादे आणि पक्ष्याचा पिंजरा. येथेही जुनेपान सरांची कसोटी लावली, तर शेतकरी आणि पिंजरा दूरचे सोयरे निघतात, कारण दोन्हींच्या मुळाशी घर किंवा निवास हाच अर्थ आहे.

झाडपाला

मला वाटते, समासांवर भर दिला तर ताईंचा 'वाइडे'चा प्रश्न बराचसा सुटेल. विलोच्या झाडाचे समास बहुधा 'वाइडेन'ने सुरू होतात : विलोच्या काड्यांची टोपली ती 'वाइडेनकोर्ब'. कुरणाचे समास 'वाइडे'ने सुरू होतात : कुरणाची जमीन ती 'वाइडेलांट', कुरणाचे कुंपण ते 'वाइडेत्साउन'. एका 'न'ने झाड आणि कुरण वेगळे होतात. प्रत्यक्ष जर्मनमध्ये हे शब्द एकटे जितके भेटतात, त्याहून अधिक समासात भेटतात.

स्वयंपाकघरातलेही उदाहरण देतो. दुकानात टोमॅटोच्या दाट गराची ट्यूब मिळते, तिच्यावर 'टोमाटेनमार्क' लिहिलेले असते. हा 'मार्क' म्हणजे हाडातला मगज किंवा फळातला गर, आणि तो 'डास' घेतो. 2002 च्या आरंभी युरोची नाणी व नोटा येईपर्यंत जे चलन होते, ते 'डी मार्क'. ब्रांडेनबुर्गच्या नावातला 'मार्क', म्हणजे सरहद्दीचा प्रदेश, तोही 'डी'. मगजाचा या दोघांशी संबंध नाही.

बाझलवासी

झाडपाला यांच्या मुद्द्याला दुजोरा. 'गेरिश्ट' हा शब्द एकटा आला, तर न्यायालय की खाद्यपदार्थ, हे सांगता येत नाही. दोन्ही 'डास', दोन्हींचे अनेकवचन 'गेरिश्टे'. पण पाटीवर 'आम्ट्सगेरिश्ट' असेल तर ते न्यायालय, आणि उपाहारगृहाच्या यादीत 'हाउप्टगेरिश्ट' असेल तर ते मुख्य जेवण. समासाचा पूर्वार्ध निकाल देऊन टाकतो.

शब्दसखी

सर्वांचे मनापासून आभार. तासिकेचा आराखडा आता बदलते आहे. आर्टिकल आणि अनेकवचन आरंभी घेईन, पण लगेच पुढे 'आउफ डेअर लायटर' आणि 'फोर डेन टोरेन' ही वाक्ये फळ्यावर लिहीन, म्हणजे आर्टिकलची सत्ता कोठे संपते ते मुलांना त्याच तासाला दिसेल. त्यानंतर 'वाइडे' आणि तिचे समास, मग 'कोस्टेन'. 'बांक' आणि 'श्लोस' वेगळ्या रकान्यात ठेवीन. शेवटी टेकेसेलशेन खेळू. शब्द मी देणार नाही, मुलांनीच शोधून आणायचे. एखादा असा शब्द सुचवाल का, ज्याचे तीन अर्थ आहेत, तिघांचा आपसांत संबंध नाही, आणि जो मुलांना आधीच माहीत आहे?

जुनेपान

'आख्ट'. आठ हा अंक तर मुले पहिल्याच धड्यात शिकतात. दुसरा 'आख्ट' म्हणजे लक्ष किंवा सावधगिरी. स्थानकावर 'आख्टुंग', म्हणजे सावधान, ऐकू येते त्यात तोच आहे. तिसरा 'आख्ट' म्हणजे राजाज्ञेने केलेला बहिष्कार, ज्यानंतर त्या माणसाला कायद्याचे संरक्षण उरत नसे. 1521 साली वर्म्सच्या फर्मानाने धर्मसुधारक मार्टिन लूथरवर सम्राटाने जी बंदी घातली, ती 'राइख्सआख्ट'. तिघांची मुळे वेगवेगळी आहेत, आणि बहिष्कार व लक्ष हे दोन्ही स्त्रीलिंगी आहेत; इतकेच काय, आठचा आकडा नाम म्हणून वापरला, तर तोही 'डी आख्ट'च होतो.